दोन सबस्क्रिप्शनं, एक संगणक : परभणीतल्या एका घराचा गेमिंगचा हिशेब

परभणीत माझं संगणक जोडणी आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. खाली दिलेलं प्रकरण माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरचं. घरच्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आकडे त्यांचेच आहेत, त्यातले काही ढोबळ केलेले.

पार्श्वभूमी

घरात चौघं. वडील शेती बघतात. दुधना काठाला सोयाबीन आणि थोडा कापूस आहे. आई घरीच. थोरला मुलगा वाळूजला एका कारखान्यात, पाळीनं काम करतो. धाकटा परभणीतच बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला. थोरल्याला घरात भैया म्हणतात, वडिलांना अण्णा.

२०२२ च्या जूनमध्ये धाकट्याच्या शिक्षणासाठी म्हणून संगणक घेतला. तो मीच जोडून दिला : रायझन ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साठवणीला ५१२ जीबी एसएसडी आणि गेमची चित्रं झरझर दाखवणारं ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. “शिक्षणासाठी” ग्राफिक्स कार्ड कशाला, हे वडिलांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. धंदा आहे.

पहिली दोन वर्षं धाकटा फुकटचे गेम खेळायचा. मुख्यतः व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम, आणि अधूनमधून एपिक स्टोअर या ऑनलाइन गेमच्या दुकानात दर आठवड्याला फुकट मिळतं ते काहीतरी. खर्च काही नव्हता. २०२४ च्या दिवाळीत वर्गातल्या पोरांनी फुटबॉलचा गेम डोक्यात भरवला. ईए स्पोर्ट्स एफसी २५ सप्टेंबरअखेर आला होता आणि त्याची किंमत साडेतीन-चार हजारांच्या घरात. एवढे पैसे घरी मागायची त्याची छाती नव्हती. मग त्याला ईए प्ले दिसलं. ईए या प्रकाशकाचं स्वतःचं सबस्क्रिप्शन, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून त्यांचे गेम खेळायची सोय, महिन्याला चारशेच्या आत, आणि पानावर एफसी २५ चं मोठं चित्र. वडिलांच्या डेबिट कार्डावर त्यानं ते सुरू केलं. ओटीपी वडिलांनीच वाचून दाखवला. “कॉलेजचं काहीतरी असेल म्हणलं,” हे त्यांचं नंतरचं वाक्य.

जानेवारी २०२५ मध्ये भैया संक्रांतीला आला, तेव्हा धाकट्यानं पीसी गेम पासचा विषय काढला. ते मायक्रोसॉफ्टचं. स्वतःचे गेम पहिल्या दिवसापासून, शिवाय इतर प्रकाशकांचे शेकडो. त्या वेळी महिन्याला ४४९ रुपये. भैयानं स्वतःच्या कार्डावर घेऊन दिलं. त्यालाही मोह होताच. वाळूजच्या खोलीवर त्याचा जुना लॅपटॉप आहे आणि शाळेत असताना नेट कॅफेत खेळलेल्या नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची आठवण अजून ताजी आहे.

प्रकरण माझ्याकडे कसं आलं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाल्याच्या बातम्या पेपरात आल्या. त्याच आठवड्यात अण्णांनी पासबुक छापून आणलं. त्यात दर महिन्याला एकाच इंग्रजी नावानं रक्कम कापलेली, सलग दहा नोंदी.

ते थेट दुकानात आले. पासबुक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, पोरगं पैसे लावून खेळायलंय का? पेपरात तर बंद झालंय म्हणायलेत, मग हे कसं काय चालूय?”

मी नोंद पाहिली आणि म्हणालो, “काका, हा जुगार नाही. केबलचं भाडं भरता ना, तसं हे गेमचं भाडं आहे.” कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. सबस्क्रिप्शन भरून खेळायचा साधा गेम त्यात येत नाही. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, पण पुढचा प्रश्न लगेच आला. भाडं म्हणता, तर मग दहा महिने राहिलं कोण त्या घरात?

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी धाकट्याला संगणकासकट बोलावलं. भैया फोनवर होता.

अडचण काय होती

पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी उघड झाल्या.

एक म्हणजे पीसी गेम पासमध्ये ईए प्ले २०२१ पासून अंतर्भूत आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं ईएच्या खात्याला जोडलं की झालं, वेगळे पैसे लागत नाहीत. धाकट्यानं ते जोडलंच नव्हतं. त्यामुळे जानेवारीपासून आठ महिने एकाच गोष्टीचे पैसे दोन कार्डांवरून गेले. यात कुणी फसवलं नाही. माहिती पानावर लिहिलेली होती, पण वाचली कुणीच नाही. अण्णांच्या कार्डाचं भैयाला ठाऊक नव्हतं, आणि भैयाच्या कार्डाचं अण्णांना.

दुसरी गोष्ट एफसी २५ ची. साध्या ईए प्लेमध्ये नवा गेम पहिल्या दिवशी पूर्ण मिळत नाही. दहा तासांची चाचणी मिळते. पूर्ण हवा असेल तर ईए प्ले प्रो ही महागडी पायरी. धाकट्याचे दहा तास चार दिवसांत संपले आणि गेमला कुलूप लागलं. मग तो आधीच्या वर्षीचा एफसी २४ खेळत राहिला. एफसी २५ ईए प्लेमध्ये आला जून २०२५ मध्ये, म्हणजे पुढची आवृत्ती यायला साडेतीन महिने राहिले असताना. एफसी २४ सुद्धा २०२४ च्या जूनमध्येच आला होता. प्रकाशकाच्या सबस्क्रिप्शनचं गणितच असं आहे : ताजी भाजी पूर्ण भावानं, संध्याकाळची वाट्यावर.

तिसरी गोष्ट त्यानं जरा कुचमतच सांगितली. सबस्क्रिप्शन असलं की ईएच्या खरेदीवर १० टक्के सूट मिळते. त्या सवलतीच्या भरात त्यानं एफसी २४ च्या अल्टिमेट टीमसाठी, म्हणजे खेळाडू जमवून स्वतःचा संघ बांधायच्या प्रकारासाठी, तीन वेळा पॉइंट (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) घेतले. एकूण तेराशे रुपये, तेही अण्णांच्याच कार्डावरून. त्या पॉइंटांतून मिळालेले खेळाडू एफसी २५ मध्ये येत नाहीत. नवी आवृत्ती, नवा संघ, शून्यापासून सुरुवात. शंभर-दीडशे रुपये वाचवायला पोरगं तेराशे खर्चून बसलं होतं.

बँकेनं कळवलं नव्हतं का? कळवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचा संदेश चोवीस तास आधी येतो. पण पहिल्या ओटीपीनंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा ओटीपी लागत नाही. अण्णांच्या फोनवर न वाचलेले बाराशे संदेश होते. भैया रात्रपाळी करून झोपलेला असायचा.

तासांचा हिशेब

अण्णांच्या “राहिलं कोण” या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही वही घेतली. बहुतेक गेमचे तास ॲपमध्येच दिसतात. व्हॅलोरंटचे सामन्यांच्या संख्येवरून काढले : साधारण ३६० सामने, चाळीस-चाळीस मिनिटांचे.

नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या दहा महिन्यांत संगणकावर एकूण ४२० तास खेळ झाला. त्यातले २४० व्हॅलोरंटचे, म्हणजे फुकटचे. उरलेल्या १८० तासांत एफसीच्या दोन्ही आवृत्त्या आणि ती चाचणी मिळून ११२. नीड फॉर स्पीड अनबाउंड ३१. इट टेक्स टू हा दोघांनी मिळून खेळायचा गेम २२. लातूरला नीटची तयारी करणारा मावसभाऊ मे महिन्यात परीक्षा देऊन आला, तेव्हा दोघांनी तो संपवला. बाकी सतरा-अठरा गेम मिळून १५ तास. उतरवले, उघडले, पाऊण-एक तासात बंद केले.

इथं भैया फोनवर गप्प झाला, कारण त्याच्या लक्षात आलं ते मलाही तेव्हाच दिसलं. ११२, ३१ आणि २२ हे सगळे ईएचेच गेम. म्हणजे पीसी गेम पासनं स्वतःहून जे दिलं ते फक्त ते १५ तास. आठ महिन्यांचे ३,५९२ रुपये भागिले १५. तासाला जवळजवळ २४० रुपये. ईए प्लेचा दर मात्र तासाला वीस रुपयांच्या आसपास पडत होता. शेकडो गेमांचं मोठं दुकान महाग पडलं आणि एका प्रकाशकाची छोटी टपरी स्वस्त. मला हे उलट वाटलं होतं. त्या दिवसापर्यंत मीही गिऱ्हाइकांना “घ्यायचंच तर मोठंच घ्या, त्यात सगळं येतं” असंच सांगायचो.

दोन्ही सबस्क्रिप्शनं आणि पॉइंटांचे तेराशे मिळून खर्च आठ हजारांच्या जवळपास. १८० तासांना भागलं की चव्वेचाळीस रुपये. आमच्या भागातल्या गेम पार्लरमध्ये तासाला चाळीस घेतात. तिथं संगणक त्यांचा, वीज त्यांची आणि एसीही त्यांचाच.

मग महिन्यांप्रमाणे तास मांडले. नोव्हेंबर-डिसेंबर ६२, जानेवारी २०, फेब्रुवारी ते एप्रिल तीन महिने मिळून १४, मे-जून ६६, जुलै-ऑगस्ट १८. नोव्हेंबर, डिसेंबर, मे आणि जून या चारच महिन्यांत १८० पैकी १२८ तास. बाकीचे सहा महिने भाडं भरून खोलीला कुलूप.

शेकडो गेम असून हात का लागला नाही, यालाही कारणं होती. ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि कॉलेजचं सामान वजा करता मोठे गेम तीनच मावतात. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या फायबरवर सगळं सुरळीत असलं तरी साडेपाच-सहा तास घेतो, आणि आमच्याकडे दुपारी वीज गेली की राउटरही जातो. त्यात ग्राफिक्स कार्ड. स्टार वॉर्स जेडाय : सर्व्हायव्हर ईए प्लेच्या यादीत आहे, पण त्याला किमान ८ जीबीचं जीटीएक्स १०७० लागतं. यादीतलं असं बरंच काही या संगणकासाठी नुसतं लग्नातलं दुसऱ्या पंगतीचं ताट.

भैयाचा मोस्ट वाँटेडही असाच निघाला. यादीत नाव होतं, त्यानं हौसेनं उतरवला. तो २०१२ चा निघाला. त्याला हवा होता २००५ चा, ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू असलेला. तो कुठल्याच सबस्क्रिप्शनमध्ये नाही. तसाच ईएचा क्रिकेट ०७. मराठवाड्यातल्या प्रत्येक नेट कॅफेत असलेला ईएचा गेम कोणता, तर तो. ईएनं त्यानंतर संगणकासाठी क्रिकेट बनवलंच नाही, आणि जो आहे तो ईए प्लेमध्ये नाही.

कोणते पर्याय समोर होते

अण्णांचा पर्याय सरळ होता : दोन्ही बंद. त्यात चूक काही नव्हती, पण धाकट्यानं एक मुद्दा बरोबर काढला. “अण्णा, मी खेळायलो ते बंद नाही होणार. पार्लरला जाईन मग.” पार्लरचा खर्च खिशातून सुटा जातो आणि पासबुकात दिसत नाही.

भैयाचं म्हणणं, ईए प्ले बंद करा, गेम पास ठेवा. ४४९ मध्ये दोन्ही येतात. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं.

माझं मत वेगळं होतं. हिशेब सांगत होता की या घरात ईएचेच गेम चालतात आणि तेही सुट्टीत. म्हणून ईए प्ले ठेवावं, पण महिन्यापुरतं. सुट्टी लागली की एक महिना भरायचा आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करायचं. बंद केलं तरी भरलेला महिना पूर्ण वापरता येतो. गेममधली प्रगती पुसली जात नाही. पुढच्या सुट्टीत तिथूनच पुढे.

चौथा पर्याय विकत घेण्याचा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात भारतीय रुपयांत किंमती असतात आणि वर्षातून चार मोठे सेल लागतात. दोन-तीन वर्षं जुना रेसिंगचा गेम तीनशेच्या आत मिळतो, तोच नवा असताना साडेतीन हजारांचा होता. आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. एफसीसारखा दरवर्षी नवा येणारा गेम तर वसंतातल्या सेलपर्यंत निम्म्याहून खाली येतो.

यावर अण्णांनी विचारलं, “विकत घेतलं म्हणजे आपलं झालं ना?” मला नाही म्हणावं लागलं. डिजिटल खरेदी म्हणजेही परवानाच. युबिसॉफ्ट या दुसऱ्या प्रकाशकानं २०१४ पासून विकलेला द क्रू नावाचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून कायमचा थांबवला. पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही तो नंतर खेळता आला नाही. तरीपण एकट्यानं खेळायचा, सर्व्हरची गरज नसलेला गेम घेतला तर तो बराच काळ टिकतो. सबस्क्रिप्शनमधला कधी जाईल ते आपल्या हातात नसतं. जीटीए ५ गेम पासमध्ये आजवर कितीदा आला आणि गेला, हे पोरांना तोंडपाठ आहे.

युबिसॉफ्ट प्लस या त्यांच्या सबस्क्रिप्शनचा विचार दोन मिनिटांत संपला. धाकट्याला त्यातला असॅसिन्स क्रीड शॅडोज हवा होता, त्यालाही किमान ८ जीबीचं कार्ड. गेमसाठी सबस्क्रिप्शन आणि सबस्क्रिप्शनसाठी कार्ड. मी दुकानदार असूनही नको म्हणालो.

काय ठरलं, काय केलं

ठरलं ते भैयाच्या मनासारखं. ईए प्ले त्याच रात्री बंद केलं. बँकेच्या ॲपमधल्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्यांच्या, यादीतूनही ते काढून टाकलं, आणि अण्णांचं कार्ड जिथं जिथं जतन होतं तिथून पुसलं. गेम पास दिवाळीपर्यंत ठेवायचं, दोन्ही खाती जोडायची आणि मग बघायचं.

मी जोर लावला नाही. ही माझी चूक. आकडे वहीत समोर होते, पण पैसे भैयाचे होते आणि पोराला आणखी एक गोष्ट गमवायला लावायची माझी इच्छा नव्हती. शिवाय अण्णांचा राग त्यांच्या कार्डावरून जाणाऱ्या पैशांवर होता. ते थांबले आणि चर्चाही थांबली. बंद कोणतं करायचं हे तासांवरून ठरायला हवं होतं. ते ठरलं कुणाचं कार्ड आहे यावरून.

सप्टेंबरमध्ये धाकटा गेम पासवर एकूण चार तास खेळला.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी पाऊस आला. तो सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. दुधनेचं पाणी शेतात चार दिवस उभं होतं. काढणीला आलेलं सोयाबीन सडलं, बांधाकडची माती गेली. भैया रजा टाकून आला. २६ की २७ तारखेला, पंचनाम्याची वाट बघत बसला असताना, त्यानं फोनवरून गेम पासचं नूतनीकरण बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. “४४९ नं काय व्हायलंय भाऊ, पण बघवंना,” एवढंच म्हणाला.

१ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं दर वाढवले. पीसी गेम पास अमेरिकेत ११.९९ डॉलरवरून १६.४९ झाला. भारतात ४४९ चा ९३९ झाला, दुपटीहून जास्त. त्यात एक खोच होती. भारतासह काही देशांत जुन्या ग्राहकांना, नूतनीकरण चालू असेपर्यंत, जुनाच दर मिळणार होता. भैयानं चार-पाच दिवस आधीच बंद केलं होतं.

परिणाम

धाकट्यानं बातमी वाचली आणि डोक्याला हात लावला. “भैया, चार दिवस थांबला असतास तर!” मी मात्र त्याला वही दाखवली. जुना दर राखायला वर्षाला ५,३८८ रुपये भरत राहावं लागलं असतं, आणि त्यातले नको असलेले महिने धरूनच. स्वस्त दर हातातून जाऊ नये म्हणून न लागणारी वस्तू घेत राहायची, हे आठवडी बाजारात कुणी करत नाही. मोबाइलवर मात्र सगळेच करतात.

तरी खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही चुटपुट लागली.

पुढच्या दोन महिन्यांत काय झालं? गेमवर एकच खर्च : सेलमध्ये नीड फॉर स्पीड हीट, तीनशेच्या आत. तो धाकट्यानं एकोणीस तास खेळलाय आणि अजून खेळतोय. व्हॅलोरंट चालूच आहे. एफसीसाठी तो शनिवारी मित्राकडे जातो. त्याच्याकडे जुनं प्लेस्टेशन आहे. कॉलेजच्या मार्कांत फरक पडला का, असं आईनं विचारलं. पडला नाही. तो आधीही बरा होता, आताही बराच आहे.

भैयानं वाळूजच्या लॅपटॉपवर कुठूनतरी क्रिकेट ०७ ची जुनी सीडी आणून टाकली. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, तो माझ्याकडून नेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निसटलेला क्षण नोव्हेंबरचा. दहा तासांची चाचणी चार दिवसांत संपली, तेव्हाच धाकट्याला कळलं होतं की ज्यासाठी पैसे भरले ते यात नाही. तिथंच नूतनीकरण बंद केलं असतं तर एक महिना एफसी २४ खेळून प्रकरण चारशेच्या आत मिटलं असतं. तो म्हणाला, तेव्हा बंद करायला मन झालं नाही, “पैसे तर भरलेत.” नवं सबस्क्रिप्शन घेताक्षणीच नूतनीकरण बंद करायची सवय असती तर मन व्हायची वाट बघावी लागली नसती. महिना संपल्यावर गेम हवासा वाटला तर परत भरता येतं, कुणी दार लावत नाही.

दुसरा क्षण जानेवारीचा. भैयानं घेऊन देताना एवढंच विचारायला हवं होतं : आत्ता काय चालू आहे, आणि कुणाच्या कार्डावर? पोरगं खरं बोललं असतं का, हे मला सांगता येत नाही. बहुधा बोललं असतं. भैयाला तो घाबरत नाही.

तिसरा ऑगस्टचा, आणि तो माझा. वही समोर असताना मी म्हणायला हवं होतं की गेम पासचे १५ तास आहेत, ते ठेवायचं कारण सांगा. पावसानं ते काम केलं, पण तो काही आमचा निर्णय नव्हता.

पॉइंटांबद्दल मात्र मी जरा कडक आहे. सबस्क्रिप्शन महाग की स्वस्त यावर वाद होऊ शकतो. दरवर्षी टाकून द्यायच्या संघासाठी पॉइंट घेण्यावर होऊ शकत नाही. अण्णांचं कार्ड खात्यात जतन केलेलं नसतं तर दर वेळी सोळा आकडे भरावे लागले असते, आणि त्या सोळा आकड्यांत दोनदा तरी पोरानं विचार बदलला असता.

आणि ज्या घरात परिस्थिती वेगळी आहे तिथं उत्तरही वेगळं येईल. माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे, नांदेडला, तीन भावंडं आहेत. ८ जीबीचं कार्ड, एक टीबीची एसएसडी, आणि महिन्याला एखादा नवा गेम संपवतातच. त्यांनी मोठं सबस्क्रिप्शन ठेवलंय, जुन्या दरात, आणि मी त्यांना बंद करा म्हणालेलो नाही. त्यांनाही वही मात्र ठेवायला लावली.

आता मी संगणक विकताना बिलाच्या मागं दोन ओळी लिहून देतो : ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं आहे, आणि कार्डावर आपोआप कापलं जाणारं काय काय चालू आहे हे दर तीन महिन्यांनी बघा. दुसरी ओळ कितीजण वाचतात कोण जाणे.

एफसी २६ सप्टेंबर २०२५ मध्ये आला. मागच्या दोन आवृत्त्या जूनमध्ये ईए प्लेत आल्या, त्यामुळे धाकट्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर २०२६ च्या जूनवर पेन्सिलीनं गोल केलाय. एक महिना भरायचा, स्वतःच्या पैशांनी. अण्णांनी तो गोल बघितला आणि त्याखाली लिहिलं : “पेरणी आधी.”